परदेशीं शिक्षण आणि घरची जमीन

सात-बाराच्या उताऱ्यावर बोजा चढवून, अगर जमिनीचा एखादा तुकडा विकून, मुलास किंवा मुलीस परदेशांतील विद्यापीठांत पाठवावें कीं काय, हा प्रश्न पूर्वीं फार थोड्या शेतकरी कुटुंबांपुढें येत असे. आतां तो नागपूर, वर्धा व अमरावतीकडील संत्र्याच्या बागाइतदारापुढें आणि कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्यापुढेंहि येऊं लागला आहे. या कामीं उत्साह देणारे पुष्कळ भेटतात. हिशेब मांडून दाखविणारे थोडे भेटतात. म्हणून परदेशीं शिक्षणाचा विचार शेतकरी गृहस्थानें आपल्या बाजूनें कसा करावा, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही अशा शिक्षणाच्या विरुद्ध नाहीं. आपल्या भागास तें नवीनहि नाहीं. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेस गेले, तेथील शेतकी महाविद्यालयांत शिकले, आणि १९२४ सालापासून मेक्सिकोंत राहून चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत अध्यापन व मक्यावर संशोधन करीत राहिले. त्यांचा अंत १९६७ सालीं नागपुरांत झाला. अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवच्या शेतकरी घरांतील डॉ. पंजाबराव देशमुख १९२० सालीं विलायतेस गेले, एडिंबरो व ऑक्सफर्ड येथें शिकून परतले, आणि पुढें १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्र सरकारांत शेतकी खात्याचे मंत्री होते. अशा उदाहरणांनीं उमेद येते हें खरें; परंतु थोर पुरुषांचीं नांवें घेऊन कर्जाचा हप्ता फिटत नसतो. तेव्हां प्रथम हप्त्याकडेच वळूं.

हप्त्याचा हिशेब

दोन वर्षांच्या शिक्षणासाठीं ३० लाख रुपयांचें कर्ज दरसाल दरशेंकडा १० व्याजानें काढलें असें समजूं. शिक्षणाचीं दोन वर्षें व पुढें एक वर्ष हप्ता द्यावा लागत नाहीं. पण व्याज थांबत नाहीं. हिशेबाच्या सोयीसाठीं सर्व रक्कम पहिल्याच दिवशीं उचलली असें धरलें, तर तीन वर्षांचें सरळ व्याज ९ लाख होतें व फेडीस आरंभ होतांना कर्ज ३९ लाख झालेलें असतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें म्हटल्यास महिना सुमारें ५१,५०० रुपये, म्हणजे वर्षास सुमारें ६ लाख १८ हजार रुपये भरावे लागतात.

आतां हीच रक्कम कापसांत मोजूं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये ठरला. या भावानें एका वर्षाचा हप्ता भरण्यास ७६ क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू जमिनींत एकरीं ५ क्विंटल पीक धरल्यास हा पंधरा एकरांचा सगळा माल झाला. आणि त्यांतून बियाणें, खत, फवारणी व वेचणी यांचा खर्च अद्याप वजा केलेलाच नाहीं. दहा वर्षें लागोपाठ असा हप्ता शेतीवर टाकणें म्हणजे शेती विकावयास काढण्यासारखेंच आहे.

मुलास तिकडे चांगली नोकरी लागल्यास हा हप्ता त्याला जड नाहीं, असें उत्तर मिळेल. तें चुकीचें नाहीं. मात्र नोकरीची परवानगी मुलाच्या हुशारीवरच अवलंबून नसून त्या देशाच्या धोरणावरहि असते. इंग्लंडांत शिक्षणानंतर दोन वर्षें राहून काम करण्याची सवलत २०१२ सालीं बंद झाली, २०२१ सालीं पुन्हां सुरू झाली, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांस (पीएच्. डी. झालेल्यांखेरीज) ती अठरा महिन्यांचीच देण्याचें तेथील सरकारनें ठरविलें. एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या काळांतहि नियम असे बदलूं शकतात. म्हणून आमचें सांगणें असें कीं, मुलगा शिकून परत नागपुरास आला व येथील पगारावर राहिला, तर हप्ता निघेल काय, हें पाहून कर्जाची मर्यादा ठरवावी. निघत नसेल तर ती विद्या वाईट नव्हे, कर्ज मोठें आहे.

शेतजमिनीचें तारण

पुष्कळ शेतकरी बँकेंत जातात आणि दहा एकर ओलिताची जमीन असूनहि बँक ती तारण घेत नाहीं, हें ऐकून चकित होतात. याचें कारण कायद्यांत आहे. थकलेल्या कर्जासाठीं न्यायालयांत न जातां तारण ताब्यांत घेण्याचा अधिकार बँकांस २००२ सालच्या कायद्यानें मिळाला. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३१ नें शेतजमीन त्यांतून वगळली आहे. म्हणून शिक्षणाच्या मोठ्या कर्जास बँका बहुधा अकृषक भूखंड, घर अगर मुदत ठेव मागतात. शेतकऱ्यास हा नकार अपमानासारखा वाटतो. खरें पाहतां तें कायद्यानें जमिनीभोंवतीं घातलेलें कुंपण आहे, व तें आपल्या हातांनीं मोडूं नये.

तें मोडतें तें असें: बँकेनें नाहीं म्हटलें कीं मनुष्य खाजगी सावकाराकडे जातो आणि कर्जाच्या मोबदल्यांत जमिनीचें खरेदीखतच लिहून देतो, पैसे फिटले कीं जमीन परत, असा तोंडी करार असतो. असें खत कदापि लिहून देऊं नये. परवान्यावांचून सावकारी करणें महाराष्ट्रांत २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानें गुन्हा आहे, व अशा व्यवहारांत गेलेल्या जमिनीबद्दल सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागतां येते. परंतु दाद मागण्याची वेळ येऊं न देणें हेंच शहाणपणाचें. गावठाणांतील घराचें मालमत्ता पत्रक २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत मिळालें असल्यास तें घेऊन बँकेंत चौकशी करावी. तारणास दुसरें कांहीं नसेल, तर कर्ज लहान करण्याच्या वाटा शोधाव्या.

खर्च कमी करण्याच्या वाटा

पहिली वाट अशी कीं, पहिली पदवी येथेंच घ्यावी. नागपूरचें शेतकी महाविद्यालय १९०६ पासून चालू आहे, आणि अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. येथें पदवी घेऊन मग परदेशीं गेल्यास परक्या चलनांतील खर्चाचीं दोन-तीन वर्षें वांचतात व मुलगाहि जाणता झालेला असतो.

दुसरी वाट संशोधनाची. १८६२ सालच्या कायद्यानें अमेरिकेच्या प्रत्येक राज्यास शेतकी व यंत्रविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयासाठीं सरकारी जमीन देण्यांत आली; त्यांतून निघालेल्या विद्यापीठांत आजहि शेतकीचे मोठे विभाग आहेत. तेथें प्रबंध लिहून एम्. एस्. किंवा पीएच्. डी. करणाऱ्यांपैकीं पुष्कळांस प्राध्यापकाच्या हाताखालीं संशोधनाचें काम मिळतें, फी माफ होते व निर्वाहापुरतें वेतन मिळतें. यासाठीं विद्यार्थ्यानें प्रवेशाच्या वर्षभर आधीं प्राध्यापकांस स्वतः पत्रें लिहावीं. पत्रांत आपण कोणत्या पिकावर, कोणत्या रोगावर अगर जमिनीच्या कोणत्या प्रश्नावर काम केलें, तें स्पष्ट लिहावें. बोंडअळीचें नुकसान घरच्या शेतांत पाहिलेल्या मुलाजवळ लिहिण्यासारखें पुष्कळ असतें.

तिसरी वाट जर्मनीची. तेथील बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांस शिकवणीची फी नाहीं. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यांत मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सहामाहीस १,५०० युरो घेतात. गटिंगेन येथें शेतकीचा मोठा विभाग आहे. विद्यार्थ्यास एका वर्षाचा निर्वाहखर्च आधीं खात्यांत अडकवून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. ती फी नव्हे. दरमहा थोडी थोडी मुलासच मिळते. तथापि पुष्कळ अभ्यासक्रम जर्मन भाषेंत असल्यामुळें भाषेस एक-दोन वर्षें आधीं लागावें.

चौथी वाट शिष्यवृत्तीची. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नांवाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागासवर्गीय व मराठा समाजाच्या मुलांसाठीं, तसेंच खुल्या वर्गासाठींहि, सरकारच्या निरनिराळ्या खात्यांमार्फत व संस्थांमार्फत योजना आहेत. १८९२ सालीं स्थापन झालेला जमशेटजी टाटांचा निधि कर्जरूपानें शिष्यवृत्ती देतो. या सर्वांच्या मुदती ठराविक असून त्या फार लवकर संपतात.

पैशाचा हंगाम

परदेशीं बहुतेक वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होतात. फी, व्हिसा व विमानाचें भाडें यांचा भार जून-जुलैंत येतो. नेमक्या त्याच वेळीं आपला सर्व पैसा पेरणींत गेलेला असतो, आणि कापसाचा पैसा दिवाळीनंतर दिसतो. या अडचणींतच मनुष्य सावकाराच्या दारीं जातो. म्हणून ज्या वर्षीं मुलगा जावयाचा, त्याच्या आदल्या हंगामांतील कापूस, तूर व संत्र्याच्या पैशांतून ही रक्कम फेब्रुवारी-मार्चांतच बाजूस काढावी. कांहीं विद्यापीठांत जानेवारींतहि प्रवेश मिळतो. आपल्या हंगामास तो अधिक सोयीचा पडतो.

रुपयाची किंमत घसरते हेंहि ध्यानांत ठेवावें. २०११ च्या आरंभीं डॉलरास सुमारें ४५ रुपये पडत; २०२३ सालीं सुमारें ८३ पडूं लागले. दुसऱ्या वर्षाची फी आजच्या भावानें धरूं नये. शेंकडा पांच तरी अधिक धरावी.

कागदपत्रें

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळें आपल्याकडे आयकराचीं विवरणपत्रें बहुधा नसतात, आणि परकी वकिलात तर उत्पन्नाचा पुरावा मागते. त्यासाठीं सात-बारा व आठ-अ चे उतारे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आणि कळमना किंवा आपल्या तालुक्याच्या बाजारांतील विक्रीच्या पट्ट्या निदान तीन वर्षांच्या जपून ठेवाव्या. मालाचा पैसा रोख न घेतां खात्यांतून घ्यावा. शेतीचें उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरण्यास हरकत नाहीं; त्याचा पुढें उपयोग होतो. व्हिसासाठीं पैसा दाखवावयाचा म्हणून आदल्या आठवड्यांत नातेवाइकांकडून आणून खातें फुगवूं नये. इंग्लंडच्या नियमाप्रमाणें तर ती रक्कम सतत २८ दिवस खात्यांत राहिलेली असावी लागते.

नांवाची गफलत हा आपल्याकडील नेहमींचा दोष. गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, जन्मदाखल्यावर बापाचें नांव नाहीं, आधारावर स्पेलिंग निराळें, असें असल्यास पासपोर्टाचा अर्ज करण्यापूर्वींच सर्व एकसारखें करून घ्यावें. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नांव प्रमाण धरल्यास काम सोपें जातें.

एजंट व पेटी

प्रवेश मिळवून देणारा एजंट विद्यापीठाकडूनहि मोबदला घेत असूं शकतो. तेव्हां त्याची शिफारस विद्यार्थ्याच्याच हिताची असेल असें समजूं नये. २०२३ सालीं कॅनडांत कांहीं भारतीय विद्यार्थ्यांचीं प्रवेशपत्रें खोटीं निघालीं, व एजंटाच्या अपराधाचा त्रास त्या मुलांस भोगावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून तेथील सरकार प्रत्येक प्रवेशपत्राची विद्यापीठाकडून खात्री करूं लागलें. प्रवेशपत्र विद्यापीठाच्याच पत्त्यावरून आलें आहे काय, हें मुलानें स्वतः पाहावें; फी एजंटाच्या हातीं न देतां विद्यापीठाच्या खात्यांत भरावी; आणि आपल्या नांवाचा कोणताहि अर्ज न वाचतां पाठवूं देऊं नये.

शेतकऱ्याच्या मुलानें आणखी एक सावधगिरी बाळगावी. परक्या देशांत कीड व रोग शिरूं नयेत म्हणून बियाणें, फळें, रोपें, माती व दुधाचे पदार्थ यांवर कडक निर्बंध असतात. ऑस्ट्रेलियांत तर फारच. आजीनें प्रेमानें दिलेलीं मेथीचीं बियाणें अगर बागेंतील संत्रीं पेटींत घालूं नयेत. शेतांत वापरलेले जोडे धुऊन, तळाची माती काढून न्यावे, किंवा नेऊंच नयेत. उतरल्यावर छापील अर्जांत शेताविषयीं प्रश्न असल्यास खरें उत्तर द्यावें. जिन्नस सांगितल्यास फार तर काढून घेतात, लपविल्यास दंड होतो.

घरांतील बैठक

शेवटीं, निघण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकदां कागद-पेन्सिल घेऊन बसावें. जमिनींत भावांचा व बहिणींचा हिस्सा आहे; एकाच्या शिक्षणाचा बोजा सर्वांच्या संमतीनेंच घ्यावा व कोणी किती फेडावयाचें तें लिहून ठेवावें. मुलासहि कर्जाचा पूर्ण आंकडा सांगावा. तो लपविला, तर तिकडे महाग घर घेऊन राहील. आणि कळला, तरी अडचणींत आल्यास घरीं कळविण्याचा संकोच करूं नये, असेंहि त्याला त्याच बैठकींत सांगावें. एखादें सत्र बिघडलें व त्यास परत यावें लागलें, तरी घर आणि शेत जागच्या जागीं आहे, असा भरंवसा मुलास देतां यावा, इतक्याच बेतानें कर्ज काढावें, अशी आमची सर्व शेतकरी बंधु-भगिनींस आग्रहाची सूचना आहे.