अंगावर घेतलेली जाहिरात

१३ जून २०१२. युक्रेनमधल्या लविव शहरात युरो फुटबॉल स्पर्धेतला डेन्मार्क-पोर्तुगाल सामना रंगला होता. डेन्मार्कच्या निकलस बेंटनरनं ८० व्या मिनिटाला स्वतःचा दुसरा गोल करून २-२ अशी बरोबरी साधली, जर्सी वर उचलली आणि शॉर्ट्स दोन बोटं खाली सरकवली. आतल्या हिरव्या चड्डीच्या पट्ट्यावर नाव होतं ‘पॅडी पॉवर’ या आयरिश सट्टा कंपनीचं. सामना डेन्मार्कनं ३-२ असा घालवला, पण चड्डी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. युएफानं बेंटनरला एक लाख युरो दंड केला आणि एका सामन्याची बंदी घातली. त्याच स्पर्धेत प्रेक्षकांच्या वंशद्वेषी हुल्लडबाजीबद्दल क्रोएशियाच्या फुटबॉल संघटनेला झालेला दंड ८० हजार युरो होता. म्हणजे चड्डी त्याहून महाग पडली. बेंटनरचा दंड कंपनीनंच भरून टाकला. कोणत्याही जाहिरात विभागाला विचारा, एवढी प्रसिद्धी एक लाखात मिळत असेल तर सौदा स्वस्तच म्हणायचा.

जुगाराच्या वेबसाइटी आपल्या चाहत्यांना टीशर्ट, टोप्या, मग, कीचेन का विकतात, याचं उत्तर या चड्डीत आहे. साधारण समज असा की हा त्यांचा जोडधंदा असणार. क्रिकेट संघ जर्सी विकतात, तसं हेही. पण पॅडी पॉवर ज्या समूहाचा भाग आहे, त्या ‘फ्लटर’ची २०२४ मधली उलाढाल १४ अब्ज डॉलरच्या घरात होती. हा पैसा सट्ट्याचा आणि ऑनलाइन कसिनोचा, टीशर्ट-टोप्यांचा नव्हे. इथे टीशर्ट हा माल नसतो, फलक असतो. इतर कंपन्या फलकाचं भाडं भरतात, इथे मात्र फलकच कंपनीला पैसे देतो आणि वर तिचं नाव घेऊन गावभर हिंडतो.

हे गणित सगळ्यात निर्लज्जपणे मांडलं ते ‘गोल्डन पॅलेस’ या ऑनलाइन कसिनोनं. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या एका बाईनं, टोस्टवर मेरी मातेचा चेहरा उमटलाय असं सांगत एक जुनं चीज सँडविच ईबेवर लिलावाला काढलं. कसिनोनं ते २८ हजार डॉलरला घेतलं. २००६ मध्ये अभिनेता विल्यम शॅटनरचा मुतखडा २५ हजार डॉलरला घेतला. मधल्या काळात, २००५ मध्ये, बोलिव्हियातल्या मादिदी राष्ट्रीय उद्यानात सापडलेल्या एका नव्या माकडाच्या नामकरणाचा हक्क साडेसहा लाख डॉलर मोजून मिळवला. ते पैसे उद्यानाच्या संवर्धनासाठी होते, हे खरं. पण विज्ञानाच्या नोंदीत त्या माकडाचं लॅटिन नाव ‘ऑरेइपालाटी’, म्हणजे सरळसरळ कसिनोचंच नाव, असं कायमचं लागलं. त्याच वर्षी युटा राज्यातल्या एका आईनं मुलाच्या शाळेसाठी पैसे हवेत म्हणून कपाळावर या वेबसाइटचा पत्ता गोंदवून घेतला. मोबदला मिळाला १० हजार डॉलर. टीशर्ट निदान रात्री उतरवता तरी येतो.

कपडे विकून खरोखर पैसा कमावणारं उदाहरण शोधलं तर ते अमेरिकेत, ‘बारस्टूल स्पोर्ट्‌स’च्या रूपानं सापडतं. डेव्ह पोर्टनॉयनं २००३ मध्ये बॉस्टनमध्ये सुरू केलेलं हे फुकट वाटायचं वर्तमानपत्र. खेळ आणि पैज हा त्याचा सुरुवातीचा मसाला. पुढे ते इंटरनेटवर गेलं, कॉलेजच्या पोरांचा मोठा गोतावळा जमला आणि बारस्टूलच्या घोषणा छापलेले टीशर्ट दणक्यात खपू लागले. हा गोतावळा ‘पेन नॅशनल’ या कसिनो कंपनीच्या डोळ्यांत भरला. जानेवारी २०२० मध्ये तिनं सुमारे १६ कोटी ३० लाख डॉलर देऊन बारस्टूलचा ३६ टक्के हिस्सा घेतला, त्याच नावानं सट्ट्याचं ॲप काढलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उरलेली कंपनीही विकत घेतली. टीशर्ट घेणारा पोरगा पैजेचं खातंही आपल्याकडेच उघडेल, असा हिशेब होता. तो जमला नाही. परवाने मिळवताना बारस्टूलची वादग्रस्त प्रतिमा आड येत होती, हे पोर्टनॉयनं स्वतःच सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये पेननं अख्खी कंपनी त्याला परत विकली. किंमत होती १ डॉलर. त्या किमतीत बारस्टूलचा एक टीशर्टही येत नाही!

चाहता आणि गिऱ्हाईक एकच, हा समज एवढ्या मोठ्या कंपनीलाही भोवला.

भारतात यापेक्षा घातक समज वेगळाच आहे. तो असा की टीशर्टावर जुगाराचा उल्लेख नसेल, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असेल, किंवा मागे ‘न्यूज’ लावलेलं असेल, तर कायद्याला हात लावायला जागा उरत नाही. ही युक्ती आपल्याकडची नव्हे. २००३ मध्ये अमेरिकी न्याय खात्यानं प्रसारकांना पत्र पाठवून परदेशी जुगार साइटींच्या जाहिराती घेण्याविरुद्ध ताकीद दिली. त्याच वर्षी ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला, २५ लाख डॉलर जिंकला आणि टीव्हीवर पोकरची लाट आली. मग साइटींनी तोडगा काढला. पैशांचा खेळ ‘डॉट कॉम’वर, फुकटचा ‘डॉट नेट’वर, आणि जाहिरातीत पत्ता फक्त डॉट नेटचा. पाहणाऱ्याला काय कळायचं ते कळत होतं.

फॉर्म्युला वनमध्ये हाच प्रकार हिरव्या रंगात दिसला. २०२४ आणि २०२५ च्या हंगामांत सॉबरचा संघ ‘स्टेक’ या कसिनोच्या नावानं उतरला. जिथे जुगाराच्या जाहिरातीला मनाई, तिथे गाडीवर ‘किक’ झळकायचं. किक ही व्हिडिओ प्रक्षेपणाची साइट, पण तिच्यामागची मंडळी स्टेकचीच. इटलीनं २०१८ मध्ये सट्ट्याच्या जाहिरातींवर कायद्यानं बंदी आणली, तरी २०२४ पासून इंटर मिलानच्या छातीवर ‘बेटसन डॉट स्पोर्ट’ आलंच. म्हणायला ही क्रीडा बातम्यांची साइट.

भारत सरकारनं हा खेळ ओळखला तो ३ ऑक्टोबर २०२२ च्या सूचनेत. माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्ही वाहिन्यांना आणि डिजिटल प्रकाशकांना कळवलं की फेअरप्ले, पॅरीमॅच, बेटवे, वुल्फ ७७७, वनएक्सबेट ही मंडळी बातम्यांच्या साइटींचा बुरखा घेऊन जाहिरात करत आहेत आणि दोन्हींचे लोगो विलक्षण सारखे आहेत. त्याआधी जून २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं छुप्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. मद्याच्या कंपन्यांचा ‘सोडा’ पाहत मोठ्या झालेल्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. फरक एवढाच की सोड्याची बाटली निदान दुकानात मिळते तरी.

पुढचा टप्पा ऑगस्ट २०२५ चा. संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. तोवर सगळा वाद ‘कौशल्याचा खेळ की नशिबाचा’ यावर अडकलेला असायचा आणि ड्रीम इलेव्हनसारख्या फँटसी खेळाला न्यायालयांनी कौशल्याचा खेळ मानलं होतं. म्हणूनच त्याला सरसकट ‘सट्टा’ म्हणणं तेव्हाच्या कायद्याला धरून नव्हतं. नव्या कायद्यानं ती भिंतच काढली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कोणताही असो, तो चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ‘टीशर्ट’ हा शब्द कायद्यात शोधून सापडणार नाही, पण शब्दयोजना रुंद आहे. कोणत्याही माध्यमातली, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करणं, करवून घेणं, तिला साथ देणं, हे सगळं त्यात येतं.

कायदा येताच ड्रीम इलेव्हननं भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून माघार घेतली. तेव्हा, जुगार आणि पैशांचे खेळ गेले की खेळातला पैसाच आटेल, असा सूर निघाला होता. सप्टेंबरमधल्या आशिया चषकात भारतीय खेळाडू मुख्य प्रायोजकाविना, नुसत्या निळ्या जर्सीत खेळले आणि जिंकले. ड्रीम इलेव्हनचा करार तीन वर्षांचा, ३५८ कोटींचा होता. त्याच सप्टेंबरमध्ये अपोलो टायर्सनं मार्च २०२८ पर्यंतचा करार केला तो ५७९ कोटींचा. बोलीची कागदपत्रं काढतानाच क्रिकेट मंडळानं सट्टा-जुगारवाल्यांना आणि त्यांच्या आडनावाच्या भावंडांनाही दार बंद केलं होतं. सगळ्याच संघांचं नशीब असं नसतं, हे मान्य. लहान क्लबांना पर्याय शोधताना घाम फुटतो. पण ‘जुगार नाही तर पैसा नाही’ हे विधान निदान या जर्सीपुरतं साफ खोटं ठरलं.

इंग्लंडमध्ये समजूत अशी की मुलांच्या जर्सीवर सट्टेवाल्यांचं नाव छापत नाहीत, म्हणजे मुलं सुरक्षित. अर्धं खरं आहे. २००७ पासून लहान मुलांच्या मापाच्या जर्सीवर हे लोगो येत नाहीत. मात्र तेरा-चौदा वर्षांचा उंच पोरगा मोठ्यांचं ‘स्मॉल’ माप घेतो, तेव्हा लोगो आपसूक घरी येतो. आणि ज्याच्यासाठी जर्सी घ्यायची, तो खेळाडू तर दर शनिवारी तेच नाव छातीवर घेऊन पळत असतो. २००२ मध्ये फुलहॅमच्या जर्सीवर बेटफेअर आलं, तिथून सुरुवात झाली. वीस वर्षांनी प्रीमियर लीगच्या २० पैकी ८ क्लबांच्या छातीवर सट्टेवाले होते. एप्रिल २०२३ मध्ये क्लबांनी आपणहून ठरवलं की २०२५-२६ च्या हंगामाअखेर छाती मोकळी करायची. बाही मात्र या ठरावातून वगळली.

२०१९ मध्ये तर पॅडी पॉवरनं यावरही कडी केली. हडर्सफील्ड टाउनच्या नव्या जर्सीवर खांद्यापासून कमरेपर्यंत, सौंदर्यस्पर्धेतल्या पट्ट्यासारखं आपलं नाव छापलं. चाहते खवळले, संघ ती घालून एक सराव सामनाही खेळला, आणि मग कंपनीनं जाहीर केलं की ही थट्टा होती. खऱ्या जर्सीवर आम्ही नावच टाकणार नाही, जर्सी चाहत्यांची असते. बातम्या दोनदा झाल्या, दोन्ही वेळा नाव पॅडी पॉवरचंच. फुटबॉल संघटनेचा ५० हजार पौंडांचा दंड मात्र क्लबच्या नावावर लागला.

आपल्याकडे गोव्याचा दाखलाही नेहमी दिला जातो. ‘मांडवीत कसिनोच्या बोटी उभ्या आहेत, त्यांचे फलक हायवेवर आहेत, मग वेबसाइटचा टीशर्ट घातला तर काय बिघडलं?’ गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलं आणि बोटींना वाट मिळाली. पण परवाना त्या जागेचा, त्या बोटीचा असतो. तो इंटरनेटवर चढून पुण्याच्या मोबाइलमध्ये उतरत नाही. महाराष्ट्राच्या नावावरही १९७६ चा एक कसिनो कायदा होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळानं रद्दच केला.

मटक्याच्या भरात मटका चालवणाऱ्या रतन खत्रीचं नाव मुंबईत घरोघर ठाऊक होतं. ओपन-क्लोजचा आकडा तासाभरात वाऱ्यासारखा फिरायचा. पण खत्रीच्या नावाचा टीशर्ट घालून कुणी लग्नाला गेलं नाही. आकडा लावणारे पुष्कळ होते, मिरवणारे नव्हते. टीशर्टानं नेमकी ही लाज काढून टाकली. आजच्या वेबसाइटीला गिऱ्हाइकापेक्षा मिरवणारा अधिक हवा असतो, कारण गिऱ्हाईक हरून कंटाळतं, कपडा कपाटात राहतो.

शेवटचा समज छोट्या धंदेवाल्यांचा. ‘आम्ही कंपनीचे कोण? चाहत्यांनी मागितलं, आम्ही छापलं.’ परवानगीशिवाय दुसऱ्याचा लोगो छापून विकला तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. परवानगी असेल, तर तो लोगो जुगाराचा असल्यानं जाहिरातीच्या कलमाशी गाठ पडण्याची शक्यता. म्हणजे दोन्हीकडून अडचण.

टेनिस बॉलच्या स्पर्धा, दहीहंडीची पथकं, गणेश मंडळं या सगळ्यांना हंगामात घाऊक टीशर्ट लागतात आणि प्रायोजक शोधताना कार्यकर्त्यांच्या चपला झिजतात. तेव्हा एखादी अनोळखी ‘स्पोर्ट्‌स न्यूज’ सगळ्या टीशर्टांचा खर्च उचलायला तयार झाली, तर छपाईची ऑर्डर देण्याआधी ती साइट एकदा मोबाइलवर उघडून बघा. तिथे बातम्या कमी आणि ‘खातं उघडा, बोनस मिळवा’ जास्त असेल, तर त्या लोगोशिवाय टीशर्ट छापा. वर्गणी थोडी वाढवावी लागली तरी चालेल.