वजनाचा व्यायाम : किती मिनिटांचा?

रात्री साडेआठला दुकान वाढवून घरातील तरुण मुलगा पाठीवर पिशवी टाकून जिमला जातो आणि साडेदहा-अकराला परततो, हे दृश्य आता व्यापारी कुटुंबांत नवे राहिलेले नाही. वडिलांच्या मनात प्रश्न असतो, दोन तास तिथे करतात तरी काय? मुलाला वाटते, दोन तासांहून कमी वेळ दिला तर तो व्यायाम कसला? या वादात घरातील काका मात्र गप्प असतात. पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी स्नायू बळकट करण्यास सांगितलेले असते. पण रोज दोन तास काढायचे कुठून, या विचाराने त्यांनी जिमची पायरीच चढलेली नसते. तिघांच्याही अडचणीचे मूळ एकच आहे. वजन उचलण्याचा व्यायाम एका वेळी किती वेळ करावा, याचा हिशेब कोणीच मांडलेला नाही.

तासाभराचा जमाखर्च

हा हिशेब कठीण नाही. एखादे वजन सलग आठ ते बारा वेळा उचलले की एक सेट पूर्ण होतो. त्याला साधारण 40 सेकंद लागतात. पाच प्रकारचे व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे एकूण 15 सेट. प्रत्यक्ष वजन हातात असण्याचा काळ झाला 10 मिनिटे. दोन सेटमध्ये दोन मिनिटांची विश्रांती धरली, तर त्यात 28 मिनिटे जातात. सुरुवातीला अंग मोकळे करण्यास 10 मिनिटे. एकूण बेरीज पन्नास मिनिटांच्या आत राहते.

यातील विश्रांती पाहून ती वाया गेलेली वेळ वाटण्याचा संभव आहे. पण तसे नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 21 सरावलेल्या तरुणांचे दोन गट केले होते. एका गटाने दोन सेटमध्ये एक मिनिट विश्रांती घेतली, दुसऱ्याने तीन मिनिटे. आठ आठवड्यांनंतर तीन मिनिटे थांबणाऱ्यांची ताकद अधिक वाढलेली आढळली. दम खाल्ल्यानंतरच पुढचा सेट पूर्ण क्षमतेने होतो, हे त्याचे सरळ कारण.

मग उरलेला तास जातो कोठे? यंत्र रिकामे होण्याची वाट पाहण्यात, मोबाइलमध्ये, आरशापुढील छायाचित्रांत, गप्पांत आणि एकाच दंडासाठी चार-पाच प्रकारचे व्यायाम करण्यात. दंडासाठी चार प्रकार आणि पायांसाठी एकही नाही, हा असमतोल तर सर्रास दिसतो.

युद्धकाळातील एक धडा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. गुडघ्याला व मांडीला दुखापत झालेल्या सैनिकांचे स्नायू क्षीण झाले होते आणि खाटा भरलेल्या होत्या. हलक्या वजनाने असंख्य वेळा पाय हलवण्याची जुनी पद्धत सोडून डीलॉर्म यांनी जड वजनाचे व्यायाम सुरू केले. प्रारंभी ते प्रत्येकी दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट करवून घेत. अनुभवाअंती एवढे सेट अनावश्यक असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. 1948 मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी सुधारित पद्धत मांडली. त्यात सेट फक्त तीन होते. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने पहिला, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. आज गल्लोगल्लीच्या जिममध्ये तीन सेट दहा-दहाचे करण्यास सांगतात, त्या रिवाजामागे या पद्धतीचा मोठा वाटा आहे. म्हणजे काम घटवूनही इच्छित फळ मिळते, हे सत्तर वर्षांपूर्वीच ध्यानात आले होते.

तेरा मिनिटांचे फळ

2019 मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास विचार करण्याजोगा आहे. वजनाच्या व्यायामाची सवय असलेल्या 34 पुरुषांचे तीन गट करण्यात आले. सर्वांनी आठवड्यातून तीन दिवस तेच व्यायाम केले. मात्र पहिल्या गटाने प्रत्येकाचा एक सेट, दुसऱ्याने तीन आणि तिसऱ्याने पाच सेट केले. त्यांना प्रत्येक वेळी अनुक्रमे सुमारे 13, 40 आणि 68 मिनिटे लागत. आठ आठवड्यांनी तिन्ही गटांच्या ताकदीतील वाढ जवळपास सारखी निघाली. स्नायूंचा आकार मात्र अधिक सेट करणाऱ्यांचा अधिक वाढला.

येथे एक अट लक्षात ठेवावी. प्रत्येक सेट शक्ती संपेपर्यंत केलेला होता. त्या तेरा मिनिटांत आराम नव्हता. शिवाय आठ आठवडे हा अल्प काळ आहे. तरीही निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. ज्याला पिळदार शरीर हवे त्याने जास्त वेळ मोजावा. ज्याला ताकद टिकवायची आहे त्याचे काम थोडक्यात भागते.

पंचेचाळीस मिनिटे उलटली की शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते, असेही जिममध्ये छातीठोकपणे सांगितले जाते. व्यायामाच्या वेळी संप्रेरकांचे प्रमाण वर-खाली होते, हे खरे. परंतु कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील अभ्यासांत या तात्पुरत्या चढउतारांचा आणि स्नायूंच्या वाढीचा ठोस संबंध आढळला नाही. शेहेचाळिसाव्या मिनिटाची भीती बाळगण्याचे कारण नाही. तासाहून जास्त लांबलेल्या व्यायामाचे खरे नुकसान वेगळे आहे. थकल्यावर पाठीचा बाक बिघडतो, वजन झटक्याने उचलले जाते आणि दुखापत होते.

कोणी किती वेळ द्यावा?

नवशिक्याने आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येकी 30 ते 40 मिनिटे पुरे. सरावलेल्या तरुणाने 45 ते 60 मिनिटे द्यावीत. शरीरसौष्ठवाचे ध्येय असेल तर सव्वा तास समजू शकतो. साठीच्या पुढील व्यक्तीस अर्धा तासही उपकारक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवले आहेत. पासष्टीनंतर तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम तीन दिवस करावेत, असेही त्यात म्हटले आहे. चालणे उत्तमच, पण ते याची जागा घेत नाही.

गादीवर किंवा काउंटरमागे दिवस काढणाऱ्यांसाठी याचे महत्त्व मोठे आहे. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा भाग स्नायूच शोषून घेतात. वय वाढते तसे स्नायू घटत जातात, साखर आवरणे अवघड होते आणि म्हातारपणी एका साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये.

तरुणांसाठीही एक इशारा आहे. दीर्घ खंडानंतर पहिल्याच दिवशी दोन तास घाम गाळल्यास स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात व मूत्रपिंडावर ताण येतो. लघवीचा रंग काळपट तपकिरी दिसला आणि अंग असह्य दुखू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ इस्पितळ गाठावे.

सूर्यास्त आणि आहार

चौविहार पाळणाऱ्या घरांत रात्री नऊचा व्यायाम अडचणीचा ठरतो, कारण त्यानंतर अन्नपाणी नाही. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने घेतलीच पाहिजेत, ही समजूत मात्र अतिरंजित आहे. दिवसभरात एकूण किती प्रथिने मिळाली, याला अधिक महत्त्व आहे. डाळी, उसळी, दूध, दही, पनीर यांतून ती सकाळ-दुपारच्या भोजनात विभागून घेता येतात. पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. घाम गाळून रात्रभर निर्जळ राहणे हितावह नाही. म्हणून दुकान उघडण्यापूर्वीची सकाळची पाऊण तासाची वेळ सर्वांत सोयीची. रात्रीची झोपही त्यामुळे शाबूत राहते. उपवासाच्या, विशेषतः निर्जळ उपवासाच्या दिवशी वजनांना सुट्टी द्यावी. पारण्यानंतर दोन-तीन दिवस हलक्या वजनाने पुन्हा सुरुवात करावी. एवढ्या खंडाने कमावलेली ताकद नाहीशी होत नाही.

व्यापारी घराला वही लिहिण्याची सवय असतेच. तशीच एक छोटी वही जिमच्या पिशवीत ठेवावी. तीत तारीख, व्यायाम, वजन आणि आवर्तने लिहावीत. महिन्याअखेरीस वजनाचा आकडा थोडा जरी वर सरकला असेल, तर दिलेला वेळ योग्य होता, मग ती पस्तीस मिनिटे का असेनात. आकडा तिथेच असेल, तर घड्याळात दोन तास भरूनही उपयोग नाही. मुलाने अशी वही वडिलांपुढे ठेवावी आणि काकांनी आठवड्यातील दोन सकाळी, अर्ध्या-अर्ध्या तासाने, आपली वही सुरू करावी.