पाळकाचं म्हातारपण कुणाच्या खात्यावर?

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातल्या हॉवर्थ गावचे पाळक पॅट्रिक ब्राँटे 7 जून 1861 रोजी वारले, तेव्हा त्यांचं वय 84 होतं आणि ते अजून पदावरच होते. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या लेखिका बहिणींचे हे वडील. शेवटच्या काळात गावच्या मंडळीचं बहुतेक काम त्यांचे मदतनीस आणि जावई आर्थर बेल निकल्स बघत होते. मग म्हाताऱ्याने राजीनामा का दिला नाही? याचं उत्तर त्यांच्या स्वभावात थोडंफार सापडेलही, पण त्याहून जास्त ते व्यवस्थेत सापडतं. राहतं घर चर्चचं होतं, उत्पन्न पाळकपदाला जोडलेलं होतं. पद सोडलं की दोन्ही एकदमच सुटणार, आणि निवृत्त पाळकाला पेन्शन देण्याची सर्वसाधारण सोय इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा नव्हती. 1846 मध्ये मोतीबिंदूमुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. शार्लट त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली. ऑगस्टअखेर शस्त्रक्रिया झाली, तीही भूल न देता, कारण ईथरची भूल जगासमोर आली ती त्यानंतर दोनेक महिन्यांनी. पुढचे काही आठवडे परक्या शहरात, भाड्याच्या जागेत, नर्स ठेवून, अंधार केलेल्या खोलीत त्यांना पडून राहावं लागलं. (‘जेन एअर’ लिहायला शार्लटने सुरुवात केली ती याच दिवसांत.) नजर परत आली म्हणून पाळकपद टिकलं आणि पद टिकलं म्हणून घर टिकलं. ते गेल्यावर त्याच वर्षी घरातलं सामान लिलावात निघालं आणि जावई आयर्लंडला परतला.

निवृत्त धर्मगुरूंच्या आजारपणासाठी जगभर जे निधी चालतात, त्यांच्याकडे आपण सहसा दानधर्म म्हणून बघतो. कुणी भला माणूस देतो, कुणी गरजू घेतो. माझं म्हणणं असं, की हा पैसा बव्हंशी थकलेल्या पगाराचा आहे. पाळकाला मंडळी पूर्ण मोबदला देत नाही. ती त्याला निर्वाहापुरतं मानधन आणि राहायला घर देते आणि त्याच्याकडून चाळीस वर्षं रात्री-अपरात्रीसुद्धा काम घेते. शिक्षक किंवा कारकून तेवढ्या काळात कर्ज फेडून स्वतःचा फ्लॅट करतो. पाळकाच्या हातात निवृत्तीच्या दिवशी किल्ली येत नाही, उलट असलेली द्यावी लागते. म्हातारपणीचं आजारपण हे पुष्कळ अंशी घराचं अर्थकारण असतं. जिना चढवत नाही, न्हाणीघरात धरायला दांडा हवा, रात्री सोबतीला कुणी झोपायला हवं, दवाखाना जवळ हवा. या गोष्टी करायच्या तर पायाखालची जमीन आपली असावी लागते, निदान उद्या हलवणार नाहीत एवढी खात्री तरी असावी लागते.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला एक संघटित उत्तर मिळालं ते 1655 साली. क्रॉमवेलच्या राजवटीत राजनिष्ठ पाळकांना पदांवरून काढून टाकलं गेलं आणि त्यांची कुटुंबं उघड्यावर आली. लंडनमधले काही व्यापारी आणि धर्मोपदेशक, जे स्वतः पाळकांचे मुलगे होते, त्यांनी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये उपासना भरवून निधी गोळा केला. ‘सन्स ऑफ द क्लर्जी’ या नावाने ती संस्था ओळखली जाऊ लागली. 1678 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तिला सनद दिली. तिच्या वार्षिक उत्सवात पर्सेल आणि हँडेल यांचं संगीत वाजू लागलं. आज तिचं नाव ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’ आहे आणि सेवेतले आणि निवृत्त पाळक, तसेच पाळकांच्या विधवा व घटस्फोटित जोडीदार अशा सर्वांना ती मदत करते. साडेतीन शतकांहून जास्त काळ टिकलेल्या संस्थेबद्दल आदर वाटायलाच हवा. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. उत्सव कितीही देखणा झाला, तरी कुणाला किती मिळणार हे त्या वर्षीच्या देणगीवर आणि विश्वस्तांच्या मर्जीवर ठरायचं. मागणाऱ्याला आधी आपलं दैन्य सिद्ध करावं लागायचं.

स्कॉटलंडच्या पाळकांनी 1740 च्या दशकात दुसरी वाट धरली. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर हे दोन पाळक कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि त्यांनी गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिनची मदत घेतली. प्रश्न विधवांचा आणि मुलांचा होता, पण रीत कुठल्याही म्हातारपणाला लागू पडावी अशी. एका वेळी देशात साधारण 930 पाळक हयात असतात. वर्षाला त्यांतले 27 मरतात, त्यांपैकी 18 जणांच्या मागे विधवा राहते. मग प्रत्येकाने वर्षाला किती भरावं, म्हणजे प्रत्येक विधवेला ठरलेली रक्कम मिळेल? त्यांनी भाकीत केलं की 1765 साली निधीत 58,348 पौंड असतील. प्रत्यक्षात 58,347 निघाले. एका पौंडाचा फरक! हा आकडा विम्याच्या इतिहासात कौतुकाने सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. या विधवेला कुणाच्या दारात जाऊन गरिबी दाखवायची गरज उरली नाही. नवऱ्याने वर्गणी भरली होती, हक्काचे पैसे येत होते.

इंग्लंडच्या चर्चला हे शहाणपण यायला फार वेळ लागला. 1871 च्या कायद्याने पाळकाला राजीनामा देऊन पेन्शन घेण्याची मुभा मिळाली, पण ती पेन्शन यायची कुठून? त्याच पाळकपदाच्या उत्पन्नातून, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. म्हणजे जुन्याचं म्हातारपण नव्या माणसाच्या खिशातून. तुटपुंज्या उत्पन्नाच्या गावात हा तोडगा म्हणजे एका भाकरीवर दोन संसार. पेन्शनसाठी वेगळं मंडळ स्थापन झालं ते 1926 मध्ये. तिथेही पुढे ठेच लागलीच. चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या आयुक्तांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस जमीन-इमारतींच्या व्यवहारांत पैसा गुंतवला आणि 1992 मध्ये सुमारे 80 कोटी पौंडांचं नुकसान उघडकीला आलं. पेन्शनचा सगळा भार आयुक्तांच्या तिजोरीवर ठेवणं आता शक्य नव्हतं. 1998 पासूनच्या सेवेची पेन्शन वेगळ्या निधीतून द्यायची आणि त्यासाठी वर्गणी मुख्यतः डायोसिसनी (बिशपच्या विभागांनी) आणि पॅरिशनी (स्थानिक मंडळ्यांनी) भरायची असं ठरलं. 2011 मध्ये पूर्ण सेवेची पेन्शन किमान मानधनाच्या दोन-तृतीयांशावरून निम्म्यावर आणली गेली. ती पूर्ववत करावी असा ठराव चर्चच्या महासभेने 2025 मध्ये केला. प्रत्येक वेळी आकडा खाली घसरला की त्याच्या खालचा खड्डा भरायला धर्मादाय संस्थांना पुढे यावं लागलं.

इथे पहिला आक्षेप येतो. इंग्लंडमध्ये 1948 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे, डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट, मग कसली वैद्यकीय अडचण? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण म्हातारपणातली मोठी बिलं हॉस्पिटलची नसतात, ती सांभाळण्याची असतात. आंघोळ घालायला, खाऊ घालायला, अंथरुणातून उठवायला माणूस लागतो आणि ही सेवा आरोग्य सेवेत सहसा मोडत नाही. ती ऐपत बघून दिली जाते. तुमच्याकडे 23,250 पौंडांहून जास्त ठेव असेल, तर खर्च तुमचा. निवृत्तीनंतर भाड्याला किंवा छोटं घर घ्यायला म्हणून साठवलेली पुंजी अशीच विरघळते. शिवाय दात, चष्मा, हॉस्पिटलच्या खेपा, बायकोची शुश्रूषा करून दमलेल्या नवऱ्याला चार दिवसांची उसंत. असले खर्च कुठल्याच रकान्यात धड बसत नाहीत. मदतनिधीची खरी जागा ही आहे. गणिताने पेन्शन, राज्याने उपचार, आणि उरलेल्या फटी बुजवायला दान. दानाला पेन्शनच्या जागी उभं केलं की मात्र ते मोडतं आणि घेणाऱ्याचा मानही मोडतं.

दान बाहेरच्या संस्थेनेच द्यावं याला आणखी एक कारण आहे, आणि ते पैशाचं नाही. पाळकाचा वरिष्ठ म्हणजे बिशप. नैराश्य आलंय, दारू सुटत नाही, हात कापतो म्हणून प्रभुभोजनाचा प्याला धरता येत नाही, हे त्यालाच जाऊन सांगायचं का? सेंट ल्यूक्स ही संस्था 1892 पासून इंग्लंडमधल्या आजारी पाळकांची सोय बघते. तिचं लंडनमध्ये स्वतःचं हॉस्पिटल होतं आणि नामवंत डॉक्टर तिथे मोबदला न घेता तपासत. हॉस्पिटल बंद झालं, काम चालू राहिलं. तिथे जाणाऱ्याची खबर वरपर्यंत पोचणार नाही, हा भरवसा औषधाइतकाच कामाचा.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा. ज्याने त्यागाचं जीवन स्वतःहून पत्करलं, त्याने म्हातारपणी हिशोब का मागावा? आपल्याकडच्या वाचकाला हा आक्षेप लगेच पटेल, कारण संन्याशाला पेन्शन ही कल्पनाच चमत्कारिक वाटते. पण बहुतेक प्रोटेस्टंट पाळक संन्यासी नसतात, संसारी असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली, तो त्यांचा निर्णय होता. त्यांच्या दानशूरपणाची आणि बेफिकिरीची किंमत संसारात कोण मोजत होतं, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. 1919 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक वारले, मागे लक्ष्मीबाई उरल्या. व्रत एकाचं असतं, झळ घरादाराला लागते. आणि ज्या कॅथलिक चर्चमध्ये पाद्री अविवाहित राहतात, तिथेही चर्च हा भार त्यागावर ढकलत नाही. 1983 च्या धर्मसंहितेत पाद्र्याच्या आजारपणाची, अपंगत्वाची आणि म्हातारपणाची तरतूद करायला सांगितलं आहे. 75 व्या वर्षी पॅरिशच्या मुख्य पाद्र्याने राजीनामा सादर करावा अशी अपेक्षा आहे, आणि तो स्वीकारल्यावर त्याच्या निर्वाहाची आणि राहण्याची सोय बिशपने बघायची आहे.

त्यागाच्या भाषेचा उलटा धोका अमेरिकेत दिसतो. तिथे सोशल सिक्युरिटीच्या हिशोबात पाळक स्वयंरोजगारी धरला जातो, म्हणजे मालकाचा आणि नोकराचा असे दोन्ही हिस्से त्यानेच भरायचे. मात्र सरकारी विम्याला आपला धार्मिक विरोध आहे असं लिहून दिलं, तर सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याला त्यातून बाहेर पडता येतं. एकदा बाहेर पडलेल्याला एरवी परत येता येत नाही. तिशीतल्या माणसाला वाचलेला कर दिसतो. पासष्टीत त्याला कळतं की या सेवेच्या जोरावर पेन्शनही नाही आणि सरकारी आरोग्य विम्याचा हॉस्पिटलचा भागही फुकट नाही. जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळाला तर नशीब. अशांचा सांभाळ शेवटी कुणी करायचा? सदर्न बॅप्टिस्टांची 1918 पासूनची संस्था आज ‘गाइडस्टोन’ या नावाने चालते. ती पेन्शन योजना सांभाळते आणि शिवाय गरजू निवृत्त पाळकांना आणि विधवांना दरमहा मदत पोचवते. हिशोब आणि दान एकाच छपराखाली नांदू शकतात, याचा हा दाखला.

सगळ्यांत टोकदार आक्षेप श्रीमंतीचा. इंग्लंडच्या चर्च आयुक्तांकडे दहा अब्ज पौंडांहून मोठा निधी आहे, आणि तरी पाळकांसाठी वेगळ्या संस्थांनी देणग्या मागायच्या? या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, कारण तो बराचसा खरा आहे. त्या निधीतून गरीब पॅरिश, कॅथीड्रल आणि जुनी पेन्शन असे बरेच खर्च निघतात हे मान्य. तरी निम्म्यावर आणलेली पेन्शन चौदा वर्षं तशीच ठेवायची आणि मधल्या काळात देणगीदारांच्या औदार्याची स्तुती करायची, याला काटकसर म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. मिशनच्या काळात पाळकाचा पगार आणि दवाखाना बहुधा एकाच हाताने चालत होता. मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल 1894 पासून अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने चालवलं, आणि त्याच मिशनचं काम कोल्हापूर भागातल्या मंडळ्यांत होतं. मिशनऱ्यांचा पैसा आटला, 1970 मध्ये नागपुरात उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं, आणि पाळकाच्या पगाराचा भार मंडळीच्या दशांशावर आणि अर्पणावर येत गेला. खेड्यातल्या मंडळीत दशांश देणारे पुष्कळदा शेतमजूर आणि छोटे नोकरदार. त्यांच्या थाळीतून एका डायलिसिसचा खर्च निघत नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पार केलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात आणि निवृत्त पाळकाने ते कार्ड काढलंच पाहिजे. पण ते दाखल झाल्यावर चालतं. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, घरी येणारी बाई आणि चर्चचा बंगला सोडल्यावरचं भाडं त्यात बसत नाही. सत्तरीच्या आत निवृत्त झालेल्याचा आधार वेगळाच शोधावा लागतो. एकेका मंडळीला हे झेपणार नाही. 930 पाळकांच्या हिशोबावर स्कॉटलंडचं गणित जमलं, कारण संख्या मोठी होती. डायोसिस आपापसांत एकत्र आल्या आणि पाळक विशीत-तिशीत असतानाच त्याच्या नावाने दरमहा थोडं थोडं भरायला लागल्या, तर इथेही ते जमेल. त्यासाठी आधी कुणीतरी आपले पाळक किती, त्यांची वयं काय आणि त्यांतल्या किती जणांना स्वतःचं घर आहे, एवढी यादी करायला हवी.