रस्त्यावरील वृक्षांची जबाबदारी कोणाची?

उन्हाळ्याच्या अखेरीस नागपुरावर पहिला वादळी पाऊस कोसळला की, दुसऱ्या दिवशी कोठे ना कोठे एखादे झाड रस्त्यावर आडवे झालेले दिसते. लगेच दोन प्रकारचे आवाज उठतात. धोक्याची झाडे सरसकट तोडून टाका, असे काही जण म्हणतात. तर एकाही फांदीस हात लावू देणार नाही, असा दुसऱ्यांचा आग्रह असतो. या दोन्ही भूमिका प्रश्नाला बगल देणाऱ्या आहेत, असे आम्हांस वाटते.

धोका काल्पनिक नाही. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात पत्र्याच्या शेडवर जुने कडुनिंबाचे झाड कोसळले आणि आडोशास थांबलेले सात भाविक प्राणास मुकले. 2017 च्या जुलै महिन्यात मुंबईत चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा अंगावर नारळाचे झाड पडून अंत झाला. ते तोडण्याची परवानगी पूर्वी मागण्यात आली होती व ती नाकारली गेली होती. परवानगी दिली की नाकारली, यापेक्षा निर्णयामागे तपासणी कोणती झाली हेच अशा वेळी महत्त्वाचे ठरते.

तथापि भयाने विवेक सुटू नये. ब्रिटनमध्ये झाडे वा फांद्या पडून वर्षास सरासरी सहाच्या आसपास माणसे दगावतात, असे एका दशकाच्या अभ्यासात आढळून आले. म्हणून 2011 साली तेथे तयार झालेल्या मार्गदर्शिकेने प्रमाणशीर काळजीचा मार्ग सांगितला. जेथे वर्दळ मोठी आणि झाडही सदोष, तेथे प्रथम लक्ष द्यावे, हे त्यातील साधे तत्त्व होय. उजाड रस्त्याचाही एक धोका असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा सिव्हिल लाइन्समधील सावलीचे मोल सायकलरिक्षावाल्यास आणि पायी जाणाऱ्यास विचारावे.

शिवाय झाडे केवळ वाऱ्याने पडतात असेही नाही. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच दूरवर पसरलेली असतात. केबल, नळ वा गटार यांच्यासाठी चर खणताना तीच तोडली जातात. सिमेंटचा रस्ता बुंध्याला भिडला की, पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. विजेच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्याने झाडाचा तोल जातो. गुलमोहरासारखे ठिसूळ लाकडाचे झाड मग वादळात टिकावे कसे? राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतील प्रकरणात बुंध्याभोवतालचे एक मीटर अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. नागपूरकरांनी आपापल्या गल्लीतील झाडांकडे एकवार पाहावे, म्हणजे या आदेशाची गरज येथेही किती आहे हे ध्यानी येईल.

राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरण निर्माण केले आणि ठराविक मुदतीने वृक्षगणना करण्याचे कर्तव्य त्यावर सोपविले. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. परंतु गणना म्हणजे तपासणी नव्हे. शिरगणतीने रोग्याचे निदान होत नाही. तोडलेल्या वृक्षाच्या बदल्यात शेकडो रोपे लावली तरी ती सावली या पिढीस मिळणार नाही, हेही विसरता कामा नये.

महानगरपालिकेने शाळा, रुग्णालये, बसथांबे व बाजार यांच्या परिसरातील मोठी झाडे पावसाळ्यापूर्वी जाणकारांकडून दरवर्षी तपासून घ्यावीत. पोकळ खोड, बुंध्यावरील बुरशी, नव्याने आलेला कल आणि भेगाळलेली माती यांची नोंद ठेवावी आणि ती नोंद नागरिकांस पाहावयास मिळावी. छाटणी समतोल व्हावी. मुळे तोडणाऱ्या ठेकेदारास त्याचा जाब द्यावा लागावा. इतके करूनही जे झाड वाचविता येत नाही, ते कारण जाहीर करून वेळीच उतरवावे व त्याच जागी योग्य जातीचे झाड लावावे.

नागरिकांचीही जबाबदारी आहेच. झाडास खिळे ठोकणारे, बुंध्याशी कचरा जाळणारे आणि घरापुढचा ओटा बुंध्यापर्यंत वाढविणारे हात आपलेच असतात. झाड पडल्यावर हळहळणारे शहर ते उभे असताना त्याची विचारपूस करू लागेल, तर पुढील वादळात पडणारी झाडे कमी होतील आणि माणसेही वाचतील.