उनकेश्वरचे उष्णोदक आणि कुष्ठाचे निदान

भूमीच्या पोटातून जेथे काही अद्भुत प्रकट होते, मग ती चुनखडकाची गुहा असो वा उन्हाळ्याचा झरा, तेथे देव आणि औषध दोहोंचाही वास आहे असे लोक मानतात. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी असलेले उनकेश्वर हे असेच स्थान. शरभंग ऋषींच्या व्याधीनिवारणार्थ प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हा ऊन पाण्याचा झरा काढला, अशी कथा आहे. माहूरच्या रेणुकामातेचे दर्शन घेऊन कित्येक यात्रेकरू इकडे वळतात. काही केवळ पर्यटनासाठी, तर काही त्वचारोग बरा व्हावा म्हणून. सावंगी (मेघे) येथे यवतमाळ-नांदेडकडून येणाऱ्या त्वचारुग्णाचा पूर्ववृत्तांत घेताना या कुंडाचे नाव निघाले, तर नवल नाही.

या श्रद्धेची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही. खडकांच्या भेगांतून खोल गेलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापते आणि खनिजे घेऊन वर येते. कुंडातील पाण्याला गंधक असतो. गंधकाचा कंडू, पामा, दद्रू यांवरील उपयोग आपणांस नवा नाही; गंधक रसायन व गंधकाचे मलम आपण नित्य वापरतो. अवगाहस्वेदाने खाज शमते, खपल्या मऊ होतात. मात्र मलमातील गंधकाची मात्रा आणि झऱ्याच्या पाण्यातील मात्रा एक नव्हे. खाज शमली म्हणजे व्याधी गेला, असेही नव्हे.

खरी अडचण ‘कुष्ठ’ या शब्दापाशी आहे. चरकाचार्यांनी सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार सांगितले. त्यांत आजचे अनेक त्वचारोग सामावतात. लोकभाषेत मात्र कुष्ठरोग म्हणजे महारोग. त्यामुळे ‘कुंडात कुष्ठ बरे होते’ हे वाक्य ऐकणारा नायटा घेऊन जातो, तसाच बधिर चट्टा घेऊनही जातो. कुष्ठाच्या पूर्वरूपांत चरकांनी स्पर्शाज्ञत्व, म्हणजे स्पर्श न कळणे, सांगून ठेवले आहे. अशा त्वचेला पाण्याची धगही कळत नाही. मधुमेहींना ग्रंथात स्वेदन निषिद्ध आहे. त्यांच्या बधिर तळपायांबाबत तर विशेष जपावे.

वर्ध्याच्या वैद्यांना हे सांगावे लागू नये. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. १९३९ पासून सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा केली. १९५१ साली वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. तेव्हा हाती साधने तोकडी होती. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला, आणि आज तो शासकीय केंद्रांत विनामूल्य, सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. राष्ट्रीय पातळीवर २००५ अखेर दूरीकरणाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले, तरी विदर्भात नवे रुग्ण आजही आढळतात. मज्जातंतूंची हानी मात्र वाट पाहत नाही. यात्रेत गेलेले महिने बोटे वाकडी करून जातात.

म्हणून रुग्ण उनकेश्वरास जाण्याची अनुज्ञा मागेल तेव्हा त्यास अडवू नये, परंतु आधी कापसाच्या बोळ्याने डोळे मिटवून चट्ट्याची संवेदना तपासावी, कोपराजवळील व गुडघ्याबाहेरील मज्जातंतू चाचपावा. चट्टा बधिर असल्यास त्याच दिवशी शासकीय केंद्राकडे पाठवावे. स्नान औषध सुरू झाल्यावरही करता येईल, तेही पाणी कितपत ऊन आहे हे सोबत्याने पाहून.