ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील वेतन आणि जीवननिर्वाह-खर्च : वरळीच्या अनुभवाच्या आधारे तुलना

प्रस्तावना

परदेशी जाऊ इच्छिणारा विद्यार्थी प्राध्यापकांना बहुधा एक प्रश्न विचारतो : ऑस्ट्रेलियात पैसा अधिक उरेल की अमेरिकेत? उत्तरादाखल दोन्ही देशांतील वेतनाचे रुपयांत रूपांतर केले जाते. ही पद्धत अपुरी आहे. वेतनातून कोणता खर्च भागवावयाचा आणि कोणता खर्च अन्य कोणी उचलतो, हे पाहिल्याशिवाय वेतनांची तुलना अर्थपूर्ण होत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शैक्षणिक कर्जासाठी घर तारण ठेवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही.

वरळीचा अनुभव

हा विचार मुंबईला नवा नाही. १९२१ मध्ये मुंबई सरकारचे कामगार कार्यालय स्थापन झाले आणि १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गिरणी कामगारांचा महागाई भत्ता राहणीमान-खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. तथापि निर्देशांकात न दिसणाऱ्या दोन गोष्टी वरळीत होत्या. पहिली, १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती, मात्र तिचे भाडे सरकारच्या खर्चाच्या मानाने कमी होते. दुसरी गोष्ट म्हणजे गाव. अनेक कामगार खोलीत दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत आणि कोकणात किंवा घाटावर मनीऑर्डर पाठवीत. बायकामुलांचे संगोपन, आजारपण व वृद्धापकाळ यांचा मोठा भार गावाची शेती व आप्तजन वाहत. म्हणजे गिरणीचे वेतन पुरत होते ते त्यातला काही भाग सरकार आणि गाव सोसत होते म्हणून. हाच निकष परदेशी वेतनाला लावून पाहू.

किमान वेतनामागील दोन भूमिका

१९०७ मध्ये मेलबर्नजवळील एका शेती-अवजारांच्या कारखान्यासंबंधीच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल कामगारासाठी दिवसाला ७ शिलिंग हे रास्त वेतन ठरविले. मालकाला काय परवडते हा आधार न घेता, सुमारे पाच जणांच्या कुटुंबाला सुसंस्कृत समाजात साधेपणाने जगण्यास काय लागते, हा आधार त्यांनी घेतला. आजही ऑस्ट्रेलियात किमान वेतनाचा दरवर्षी फेरविचार होतो. जुलै २०२५ पासून ते ताशी २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाले.

अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने संघीय किमान वेतन ताशी २५ सेंट ठरले. ते आपोआप वाढत नाही, त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो. जुलै २००९ मध्ये ते ७.२५ डॉलर झाले आणि २०२५ अखेरपर्यंत तेथेच राहिले. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांचे स्वतःचे दर त्याच्या दुपटीहून अधिक आहेत. म्हणून अमेरिकेची एकच सरासरी धरणे चुकीचे ठरते. ऑस्ट्रेलियन डॉलर सुमारे ६५ अमेरिकी सेंट धरल्यास ऑस्ट्रेलियातील दर साधारण १६ अमेरिकी डॉलर होतो. तळाच्या वेतनात ऑस्ट्रेलिया पुढे आहे. उच्च कौशल्याच्या, विशेषतः संगणक क्षेत्रातील, वेतनात मात्र अमेरिका बरीच पुढे आहे.

वेतनाबाहेरील खर्च

पूर्णवेळ कर्मचाऱ्यास ऑस्ट्रेलियात वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, तर अमेरिकेत संघीय कायदा अशी रजा देत नाही. ऑस्ट्रेलियातील मालकाला वेतनाव्यतिरिक्त निवृत्तिनिधीत रक्कम भरावी लागते. जुलै २०२५ पासून तिचा दर १२ टक्के आहे. १९८४ पासूनची सार्वजनिक आरोग्यसेवा तेथील नागरिक व कायम रहिवाशांना आधार देते. अमेरिकेत नोकरदाराचा आरोग्यविमा मुख्यतः मालकामार्फत असल्याने नोकरी जाणे म्हणजे बहुधा विमाही जाणे होय. याउलट सिडनीसारख्या शहरातील घरभाडे ऑस्ट्रेलियातील वेतनाचा मोठा वाटा खाऊन टाकते. अमेरिकेत स्वस्त घरांची शहरे अधिक आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांत मोटारीवाचून चालत नाही.

तात्पुरत्या रहिवाशाचे स्थान

भारतीय विद्यार्थी यांतील बऱ्याच सवलतींच्या बाहेर असतो. ऑस्ट्रेलियातील सार्वजनिक आरोग्यसेवा त्याला मिळत नाही, विमा स्वतः घ्यावा लागतो. सत्रकाळात तेथे पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. अमेरिकेत विद्यार्थ्याला सत्रकाळात मुख्यतः विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. पुढे नोकरी लागल्यावरही भेद राहतो. ऑस्ट्रेलिया कायमची सोडणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यास निवृत्तिनिधी करकपातीनंतर परत मागता येतो. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेसाठी वेतनातून ६.२ टक्के कापले जातात, पण निवृत्तिवेतनाचा हक्क साधारण दहा वर्षांच्या कामानंतर मिळतो. भारत-ऑस्ट्रेलिया सामाजिक सुरक्षा करार १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, अमेरिकेशी मात्र असा करार झालेला नाही.

निष्कर्ष

अल्पवेतनाच्या कामात ऑस्ट्रेलिया अधिक सुरक्षित दिसते, तर उच्च वेतनाच्या कामात बचतीची शक्यता अमेरिकेत अधिक, पण जोखीमही अधिक. म्हणून विद्यार्थ्यास सल्ला देताना चार बाबी क्रमाने विचारात घ्याव्यात : त्या विशिष्ट शहरातील घरभाडे, आजारपणाचा खर्च कोणाचा, कापलेला पैसा परत मिळेल काय, आणि नोकरी गेल्यास किती दिवस राहता येईल. यांतील जो खर्च परदेशी वेतन किंवा तेथील शासन उचलणार नाही, तो शेवटी इथल्या कुटुंबावर येतो. गिरणी कामगाराच्या बाबतीत तो गावावर येत होता. तारण ठेवलेल्या घराचा हिशेब याच ठिकाणी मांडावयास हवा.