लिफ्टमधल्या फोनची वीज कुठून येते?

पुढच्या वेळी ऑफिसच्या, विद्यापीठाच्या किंवा इस्पितळाच्या लिफ्टमध्ये शिराल, तेव्हा मजल्यांच्या बटणांखाली जरा पाहा. फोनचे चित्र असलेले एक बटण तिथे दिसेल. ते आपण सहसा दाबत नाही, आणि दाबायची वेळ येऊ नये हेच बरे. पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दिवे गेले आणि त्या धातूच्या पेटीत मोबाइलला रेंज नसली, तर बाहेरच्या जगाशी तुमचा तेवढाच दुवा उरतो. अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या इमारतींत या बटणामागे कित्येक दशके एकच गोष्ट होती: तांब्याच्या दोन तारा. आता मोठमोठ्या संस्था या तारा काढून टाकत आहेत. त्यांच्या जागी काय येते आणि ते ऐन वेळी चालेल का, हे आज पाहू.

आधी या दोन तारा काय करतात ते समजून घेऊ. फोनच्या एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा असतात आणि त्या तारांच्या जोडीवर सतत सुमारे ४८ व्होल्टचा दाब ठेवतात. रिसीव्हर जागेवर असताना विद्युतमंडल तुटलेले असते. तो उचलला की मंडल जोडले जाते, २० ते ५० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू लागतो, आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळते की कुणालातरी बोलायचे आहे. मग डायल टोन येतो. तुमचा आवाज याच प्रवाहात चढउतार घडवतो आणि ते चढउतार तारेतून पलीकडे जातात. आवाजाची नक्कल प्रवाहात जशीच्या तशी उमटते, म्हणून ही व्यवस्था अ‍ॅनालॉग.

यात खरी मेख वीज कुठून येते ही आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत घरातले पंखे बंद पडत, पण कोपऱ्यातला काळा फोन चालू असे, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याला घरच्या विजेची गरजच नव्हती. बोलण्यापुरती वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून त्याच तारेने येत होती, आणि बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून तिथे जनरेटरही असे. शिवाय ती तार एका ठरावीक जागी संपत असल्याने नंबरावरून पत्ता कळत होता. म्हणजे तांब्याची ही जोडी तीन कामे करत होती: आवाज नेणे, वीज पुरवणे आणि पत्ता सांगणे. बिल मात्र आपण एकाच कामाचे भरत होतो.

मग ती काढायची कशाला? कारण ती सांभाळणे परवडेनासे झाले आहे. ग्राहक मोबाइल आणि फायबरकडे गेले, जुन्या यंत्रणेचे सुटे भाग मिळत नाहीत आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, २०१९ मध्ये या जुन्या लाइन्सबाबत कंपन्यांवर असलेली काही बंधने सैल केली. त्यानंतर अनेक संस्थांची बिले झपाट्याने वाढली. एटी अँड टी कंपनीने तर कॅलिफोर्निया वगळता आपले बहुतेक तांब्याचे जाळे २०२९ अखेरपर्यंत बंद करण्याचा बेत जाहीर केला आहे.

एखाद्या मोठ्या विद्यापीठात हे काम सुरू होते तेव्हा पहिला प्रश्न तंत्रज्ञानाचा नसतोच. प्रश्न असतो, आपल्याकडे अशा लाइन्स आहेत तरी किती आणि त्यांच्या टोकाला काय आहे? टेबलावरचे फोन सोपे असतात, ते कधीच इंटरनेटवर गेलेले असतात. मागे उरतात ती खिजगणतीत नसलेली यंत्रे: लिफ्टमधले फोन, आगीची सूचना देणारी पॅनेल, पार्किंगमधले निळ्या दिव्याचे मदतीचे खांब, फॅक्स, फाटकावरची बेल, तळघरात तापमानावर लक्ष ठेवणारा एखादा जुना मोडेम. एखाद्या लाइनचे बिल वर्षानुवर्षे भरले जाते, पण ती कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नसते. ‘वापर दिसत नाही, तोडून टाका’ हा मोह इथे घातक ठरतो. लिफ्टच्या फोनवरून वर्षभर कॉल गेला नसेल, तर त्याचा अर्थ वर्षभर कुणी अडकले नाही एवढाच.

टोकाला काय आहे हे कळले की पर्याय निवडता येतो. एक पर्याय म्हणजे जुने यंत्र तसेच ठेवून त्याच्या आणि इंटरनेटच्या मध्ये एक छोटे अडॅप्टर बसवायचे. दुसरा म्हणजे मोबाइल नेटवर्कवर चालणारी पेटी. तिला मागे जुन्या फोनसारखीच सॉकेट्स असतात, आत सिमकार्ड असते आणि सोबत बॅटरी. तिसरा म्हणजे यंत्रच बदलायचे आणि थेट डिजिटल घ्यायचे. पण कोणताही पर्याय निवडला तरी ती तिन्ही कामे आता वेगवेगळी करावी लागतात.

पहिले काम विजेचे. अडॅप्टर, राउटर आणि मधले स्विच यांपैकी एकाची जरी वीज गेली तरी फोन मुका होतो. म्हणून प्रत्येकाला बॅटरीचा आधार हवा. अमेरिकेतल्या आगीच्या सूचनायंत्रणेच्या मानकानुसार मुख्य वीज गेल्यावर यंत्रणा साधारणपणे २४ तास तग धरू शकली पाहिजे. नेटवर्कच्या खोलीतला नेहमीचा यूपीएस अर्ध्या तासात मान टाकतो. अंतराचाही प्रश्न असतो. इथरनेटच्या केबलमधूनही वीज देता येते, पण तिची मर्यादा १०० मीटर. तांब्याची जुनी जोडी कित्येक किलोमीटर वीज आणि आवाज दोन्ही नेत असे. पार्किंगच्या टोकाला असलेल्या निळ्या खांबापाशी हा फरक लगेच जाणवतो.

दुसरे काम आवाजाचे. आगीचे जुने पॅनेल फोन लावते आणि सुरांच्या भाषेत बोलते. पलीकडचे केंद्र आधी १४०० आणि २३०० हर्ट्झचे दोन सूर पाठवते, ते ऐकल्यावर पॅनेल आपला क्रमांक आणि घटनेचा संकेत पाठवते. यातला एकेक सूर जेमतेम ५० मिलिसेकंदांचा असतो. इंटरनेटवर आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. एखादा तुकडा हरवला तर माणसाच्या कानाला कळतही नाही, यंत्राला मात्र अख्खा अंक चुकलेला वाटतो. त्यात माणसाचा आवाज नजरेसमोर ठेवून तयार केलेले कॉम्प्रेशन वापरले असेल, तर सूरच बिघडतात. ‘बोलून पाहिले, छान ऐकू आले’ ही चाचणी म्हणूनच इथे पुरत नाही.

तिसरे काम पत्त्याचे, आणि याची किंमत अमेरिकेने मोजलेली आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सासमधल्या मार्शल गावी कॅरी हंट या तरुणीवर हॉटेलच्या खोलीत हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ लावले. एकदा नाही, चार वेळा. फोन लागला नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावे लागत होते. कॅरी वाचली नाही. तिच्या वडिलांच्या पाठपुराव्यातून २०१८ मध्ये ‘कॅरीज लॉ’ हा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या, अनेक फोन असणाऱ्या यंत्रणांवरून कोणताही आकडा आधी न दाबता ९११ लागलेच पाहिजे. त्याच्या जोडीच्या दुसऱ्या कायद्याने अचूक ठिकाण कळवणेही बंधनकारक केले: इमारत, मजला, खोली. जुन्या व्यवस्थेतही मोठ्या संस्थेचे कॉल अनेकदा मुख्य दाराचाच पत्ता दाखवत. इथे नवी यंत्रणा जुनीपेक्षा सरस ठरू शकते, पण ही माहिती कुणीतरी भरली आणि फोन हलवला की बदलली, तरच.

इंग्लंडमधल्या वाचकांनी हे दुसऱ्या वाटेने अनुभवले आहे. तिथे जुने जाळे डिसेंबर २०२५ मध्ये बंद व्हायचे होते. पण गळ्यातले बटण दाबून मदत मागणारी यंत्रे सुमारे १८ लाख लोक वापरतात, त्यात वृद्ध बरेच. नव्या लाइनवर काहींची यंत्रे बंद पडल्याच्या गंभीर घटना पुढे आल्या, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी सक्तीची बदली थांबवली. पुढे मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढली.

आणि नवे आले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. तांब्याऐवजी ३जी मोबाइल जाळ्यावर नेलेली अलार्मची यंत्रे अमेरिकेत २०२२ मध्ये ती जाळी बंद झाल्यावर पुन्हा बदलावी लागली. तांब्याची तार एका माणसाच्या हयातीभर टिकली. नव्या पेटीची मात्र दर काही वर्षांनी झडती घ्यावी लागेल.

तुम्ही एखाद्या मंदिराच्या विश्वस्त मंडळावर असाल, मंडळाचा हॉल सांभाळत असाल, दवाखाना किंवा मोटेल चालवत असाल, तर हे काम तुमच्याही दारी येणार आहे. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. वीज गेल्यावर हे किती तास चालेल? आगीच्या पॅनेलचा संदेश केंद्रात पोचल्याची नोंद दाखवाल का? ९११ ला कोणता पत्ता दिसेल? यातल्या शेवटच्या प्रश्नासाठी इंटरनेट फोनच्या अनेक सेवा ९३३ हा चाचणीचा नंबर देतात, तो नोंदलेला पत्ता वाचून दाखवतो. मग देखरेख केंद्राला आधी कळवून एका शांत सकाळी नेटवर्कच्या खोलीची मुख्य वीज बंद करा, तासभर थांबा, आणि लिफ्टमधले ते बटण दाबा. पलीकडून माणसाचा आवाज आला आणि तुम्ही कुठे आहात हे त्याने न विचारता सांगितले, तरच जुनी लाइन बंद करण्याच्या अर्जावर सही करा.